घोड्याचा पाय चुकला, की मोजणाऱ्याची पट्टी?

पीएचडीच्या प्रवेशमुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे. "अलीकडे वाचलेला एखादा शोधनिबंध सांगा, आणि त्याची एक मर्यादा सांगा." पहिला भाग बहुतेकांना जमतो. दुसऱ्या भागाला ठरलेलं उत्तर येतं, "सॅम्पल साइझ कमी होता, सर." हे उत्तर इतकं घासून गुळगुळीत झालंय की समोरचे गाईड मान वर करूनही बघत नाहीत. म्हणून आज मुद्दाम असा निबंध घेतलाय जिथे हे उत्तर चालणारच नाही. त्यात एक हजार नमुने आहेत.

विषय आहे घोडे. खरे नाहीत, बनवलेले. पितळी, प्लास्टिकचे, चित्रातले, पुतळ्यातले. मला छोटे घोडे जमवायचा नाद आहे, त्यामुळे हा निबंध माझ्या वाट्याला जरा जास्तच आला.

बुडापेस्टच्या ओट्वॉश लोरांड विद्यापीठातले गाबोर होर्व्हाथ आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर दोन कामं केली. पहिलं २००९ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आलं. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले प्राणी, शरीररचनेच्या पुस्तकांतली चित्रं, खेळण्यातले प्राणी, या सगळ्यांत 'चालणारा' चतुष्पाद बरोबर दाखवलाय का, हे त्यांनी तपासलं. संग्रहालयांत ४१.१ टक्के चुका निघाल्या, खेळण्यांत ५० टक्के, आणि शरीररचनेच्या पुस्तकांत तब्बल ६३.६ टक्के! दुसरं काम डिसेंबर २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलं, त्यात चित्रकला आणि शिल्पं घेतली. एक हजार नमुने. फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज याचं 'ॲनिमल लोकोमोशन' हे काम १८८७ मध्ये प्रसिद्ध झालं, ती मधली रेष धरली. त्याआधीच्या आधुनिक कलावंतांच्या चुका ८३.५ टक्के, नंतरच्यांच्या ५७.९ टक्के, आणि गुहेत राहणाऱ्या अश्मयुगीन माणसाच्या फक्त ४६.२ टक्के. निबंधाच्या शीर्षकातच लिहिलंय की गुहामानव आधुनिक कलावंतांपेक्षा सरस होते. बातम्या झाल्या नसत्या तरच नवल.

(हेच होर्व्हाथ २०१६ च्या इग-नोबेल विजेत्यांत होते. पांढऱ्या घोड्यांना गोमाश्या कमी का चावतात, यासाठी. अशा माणसाबद्दल मला आधीपासूनच आदर आहे, हे सांगून ठेवते.)

आधी चाल समजून घेऊ, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. घोडा सावकाश चालतो तेव्हा पाय एका ठरावीक क्रमाने पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चार टापा, चार वेगळे आवाज. दुडकीत दोनच आवाज येतात, कारण तिरपी जोडी एकत्र पडते, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग दुसरी जोडी. चौखूर उधळल्यावर गणित पुन्हा बदलतं, आणि एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. तो क्षण नेमका कोणता, हे डोळ्याला दिसत नव्हतं. १८७८ मध्ये मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून ते पकडलं. तेव्हा कळलं की चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाच घोडा अधांतरी असतो. चित्रकार मात्र शेकडो वर्षं पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून त्याला उडवत होते. लूव्र संग्रहालयातलं जेरिकोचं १८२१ चं डर्बीचं चित्र बघा, सगळे घोडे पोटावर आपटायच्या बेतात आहेत असं वाटतं.

आता निबंधातलं चांगलं काय ते सांगते, कारण टीका म्हणजे नुसते दोष काढणं नव्हे. प्रश्न एका ओळीत मांडता येतो. निकष आधी ठरवलाय, चित्रं बघून नंतर वळवलेला नाही. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की त्यांनी योगायोगाची पातळी काढली. एखाद्याने डोळे मिटून घोड्याचे पाय कसेही ठेवले, तर किती वेळा चूक होईल? त्यांचं उत्तर ७३.३ टक्के. ही पातळी नसती तर ५७.९ टक्के चुका ऐकून आपण 'किती हे अज्ञान' म्हणालो असतो. ती आहे म्हणून कळतं की ५७.९ टक्के चुकणारा कलावंतसुद्धा डोळे मिटून काम करणाऱ्यापेक्षा बराच बरा आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'तुलना कशाशी?' हा रकाना कोरा राहिला असेल तर ही जागा दोनदा वाचा.

पण मग ८३.५ चं काय? निबंधातला सगळ्यात मोठा मुद्दा मला इथे दिसतो, आणि लेखक त्यावरून फार भरभर पुढे जातात. योगायोगाने ७३.३ टक्के चुका होतात, आणि मायब्रिजपूर्व कलावंतांच्या ८३.५. म्हणजे ते डोळे मिटून काम करणाऱ्यापेक्षाही वाईट! अज्ञानाने हे होत नाही. अज्ञान माणसाला योगायोगाच्या पातळीपर्यंत नेतं, त्याच्या खाली ढकलत नाही. समजा चार पर्यायांची परीक्षा आहे. काहीच न येणाऱ्याला शंभरपैकी साधारण पंचवीस मिळतात. एखाद्याला दहाच मिळाले, तर तो अंदाजाने लिहीत नव्हता, त्याच्याकडे कुठला तरी नियम होता आणि तो परीक्षकाच्या नियमाशी जुळत नव्हता. उत्तरपत्रिका उलट्या क्रमाने भरली असेल, किंवा तो दुसऱ्याच प्रश्नपत्रिकेची उत्तरं देत असेल. मला वाटतं, कलावंतांचं हेच झालंय. ते 'चाल' या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हते.

निबंधाच्या सारांशात एक छोटं वाक्य आहे. पायांची मांडणी तपासताना, प्राण्याची चाल ओळखायला वापरलेल्या इतर खुणा बरोबर दाखवल्या आहेत असं गृहीत धरलं आहे. या गृहीतकावर अख्खी इमारत उभी आहे. चित्रातला घोडा चालतोय की दुडकतोय हे कसं ठरवणार? मान किती वर आहे, शेपटी कशी आहे, स्वार निवांत बसलाय का, आयाळ उडते आहे का, यांवरून. समजा स्वार निवांत आहे, आणि पाय तिरप्या जोडीत उचललेले आहेत. खुणा म्हणतात 'चाल', पाय म्हणतात 'दुडकी'. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही. निबंध दर वेळी निकाल देतो की पाय खोटं बोलत आहेत. का? स्वारच खोटा असू शकतो की. राजाला दुडक्या घोड्यावर हलताना दाखवणं शोभत नाही, म्हणून कलावंताने त्याला ताठ बसवलं असेल, आणि घोड्याचे पाय मात्र तबेल्यात बघितले तसेच काढले असतील. तेव्हा हा आकडा 'चुकीच्या चालींचा' आहे, की 'दोन खुणा न जुळणाऱ्या चित्रांचा'? दुसरं म्हणणं जास्त प्रामाणिक आहे, आणि माझ्या मते जास्त रंजकही.

गुहाचित्रांत हे आणखी अवघड होतं. फ्रान्समधल्या लास्को गुहेत चित्रकारांनी पलीकडच्या बाजूचे पाय आणि धड यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडली आहे, त्यामुळे कुठला पाय अलीकडचा आणि कुठला पलीकडचा हे निदान कळतं. सगळीकडे ही सोय नाही. त्यात पर्सी लीसन नावाच्या चित्रकाराने १९३९ मध्ये असं मांडलं होतं की यातले बरेच प्राणी मेलेले, आडवे पडलेले बघून काढलेत, म्हणून त्यांचे पाय टाचा उचलल्यासारखे लोंबतात. लीसनचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. पण एका तज्ज्ञाला जे जनावर मेलेलं दिसतं ते दुसऱ्याच्या तक्त्यात 'चालतंय, बरोबर' म्हणून नोंदलं जाऊ शकतं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

आता आपल्याकडे येऊ. नाशिकच्या सराफ बाजारात किंवा भांडी बाजारात जाऊन खंडोबाचा टाक मागा. चांदीचा किंवा पितळेचा पातळ पत्रा, त्यावर उठावात घोड्यावर बसलेला देव, मागे म्हाळसा, हातात खड्ग. देवळाली कॅम्पची खंडोबाची टेकडी, ओझरची चंपाषष्ठीची यात्रा, मालेगावजवळचं बाणाईचं चंदनपुरी. इतकी ठाणी जवळ असल्यावर नाशकातल्या किती देवघरांत हा घोडा असेल याचा अंदाज तुम्हीच करा. बऱ्याच टाकांत घोड्याचा पुढचा पाय उचललेला असतो. होर्व्हाथ यांचा तक्ता घेऊन बसलात तर मागच्या पायांशी ताडून 'चूक' अशी खूण कराल. पण त्या पायाखाली काय आहे ते बघा. कुठे कुत्रा आहे, कुठे दैत्याचं मस्तक. मणी आणि मल्ल यांची कथा ज्याला माहीत आहे त्याला तो पाय का उचललाय हे विचारावं लागत नाही. तो चालण्यासाठी उचललेलाच नाही. इथे पाय क्रियापदाचं काम करतोय, आणि ते क्रियापद 'चालणे' नाही.

असाच एक घोडा सारंगखेड्याला दिसतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे नाचरे घोडे असतात. आपल्या वरातीतही असतात. जागच्या जागी पाय वर घेणारा, तालावर टापा टाकणारा हा घोडा चालतही नसतो आणि दुडकतही नसतो, त्याला शिकवलेलं असतं. शिवाय मारवाडी जातीच्या काही घोड्यांत रेवाल नावाची चाल असते, त्यात एका बाजूचे दोन पाय जवळजवळ बरोबर पडतात आणि स्वाराला धक्का कमी बसतो. या चाली बघत वाढलेल्या कारागिराने पितळी घोडा केला आणि तो युरोपातल्या 'सावकाश चालणारा घोडा' या चौकटीत बसला नाही, तर चौकट कुणाची तपासायची? निबंधाचा निकष शरीरशास्त्राच्या दृष्टीने पक्का आहे, त्यात वाद नाही. फक्त तो एका चालीचा निकष आहे. समोरचा घोडा तीच चाल चालतोय, हे दर वेळी सिद्ध करावं लागेल.

सगळ्यात जास्त मजा मला खेळण्यांच्या ५० टक्क्यांत आली, कारण इथे कागदावर गणित करता येतं. खेळण्यातला घोडा उभा राहायला हवा. ही अट चित्राला नसते. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या, म्हणजे गुरुत्वमध्य मधोमध नसून थोडा पुढे सरकलेला. चारही पाय सरळ खाली असलेला, ताठ, न वाकणारा घोडा घ्या. त्याचा उजवा पुढचा पाय उचला. उरलेल्या तीन खुरांचा त्रिकोण काढा: मागचे दोन, आणि पुढचा डावा. पुढे जावं तसा हा त्रिकोण डावीकडे निमुळता होत जातो. घोड्याच्या लांबीच्या ६० टक्के पुढे गेल्यावर घोड्याची मधली रेष त्रिकोणाच्या बाहेर पडलेली असते. गुरुत्वमध्य त्याच रेषेवर. म्हणजे घोडा उजवीकडे पडणार! आता उजवा मागचा पाय उचलून हाच हिशेब करा. या वेळी गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या आतच राहतो, घोडा उभा राहतो. एक कागद, एक पट्टी, दहा मिनिटं. करून बघा.

खरा घोडा अंग तोलतो, पितळी घोडा तोलू शकत नाही. म्हणून ओतकाम करणारा कारागीर काय काय करतो ते बघा. उरलेला पुढचा पाय मधल्या रेषेकडे ओढतो. शेपटी जमिनीला टेकवतो. स्वार जरा मागे बसवतो. किंवा सरळ खाली चौथरा देतो आणि प्रश्न मिटवतो. यातली पहिली युक्ती वापरली की पायाची मांडणी 'चुकते', आणि चुकली म्हणूनच घोडा उभा राहतो. दुसरा पर्याय म्हणजे चारही पाय जमिनीवर टेकवायचे आणि पावलं पुढेमागे ठेवून चालण्याचा भास करायचा. काटेकोर बोलायचं तर नेहमीच्या चालीत घोड्याचे एका वेळी दोन किंवा तीनच पाय टेकलेले असतात. म्हणजे हा घोडा शास्त्राने नापास आणि शेल्फवर पास.

दायमाबादच्या कारागिराने हा पेच केव्हाच सोडवला होता. नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये सापडलेली ती चार काशाची शिल्पं. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. घोडा त्यांत नाही, पण युक्ती बघा: प्राणी निश्चल उभे, गती चाकांना. तिथे पायांची चूक काढायला जागाच ठेवलेली नाही.

परदेशात घोडे जमवणाऱ्यांचा मोठा पंथ आहे, त्यांच्याकडून इथे शिकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ब्रेयर कंपनीने १९५० मध्ये प्लास्टिकचा पहिला घोडा काढला, तोही घड्याळाशेजारी शोभेला म्हणून, आणि पुढे घोडाच मुख्य झाला. त्यांचे नेहमीच्या मापाचे घोडे खऱ्याच्या साधारण एक नवमांश असतात. केंटकीत दरवर्षी त्यांचा मेळा भरतो. संग्राहकांच्या स्पर्धांत परीक्षक स्नायू, सांधे, जातीची लक्षणं, खोगीर-लगाम आणि चालसुद्धा तपासतात. म्हणजे होर्व्हाथ यांचा प्रश्न हे हौशी लोकही विचारतातच. फरक एवढाच की स्पर्धेत घोडा आधी एका वर्गात दाखल करावा लागतो, आणि मग त्या वर्गाच्या नियमांनी त्याला जोखतात. शोधनिबंधात वर्ग परीक्षकच ठरवतो आणि गुणही तोच देतो.

आता त्या हजार नमुन्यांकडे परत. निबंध म्हणतो की सगळे फरक सांख्यिकीय दृष्टीने लक्षणीय आहेत. या चाचण्यांना एक अट असते: नमुने एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. टाक ठशावर ठोकतात. एका ठशावरून शंभर टाक निघाले आणि त्या ठशातला पाय चुकीचा असेल, तर चुका शंभर की एक? प्लास्टिकच्या साच्याचंही तेच. चित्र-शिल्पांत साचा दिसत नाही, पण असतो. रोममधला मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा शतकानुशतकं कलावंत बघत आले, त्यावरून पुढचे पुतळे घडत गेले. गुरूने उचललेला पाय शिष्यही उचलतो. अशा वेळी हजार नमुन्यांमागे स्वतंत्र निर्णय किती, हे मोजायला हवं, आणि ती संख्या हजारापेक्षा बरीच कमी असणार. मग ८३.५ हा आकडाही उलगडतो: योगायोगाखाली जायला एक लोकप्रिय, चुकीचा साचा आणि त्याच्या भरपूर नकला पुरतात. म्हणजे मुलाखतीतलं ते घासलेलं उत्तर इथे अगदीच निकामी नाही, फक्त त्याआधी दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

शीर्षकाबद्दल माझी तक्रार ठाम आहे. गुहामानव 'सरस' होते हे वाक्य क्षमतेबद्दल आहे, आणि आकडे आहेत टिकून राहिलेल्या, चालताना दाखवलेल्या असं आपण मानलेल्या चित्रांबद्दल. लेखक त्याचं कारण देतात की शिकारी माणसाचं जनावराकडे बारीक लक्ष होतं. शक्य आहे. पण मग रोज घोड्यावर बसणारा, घोड्यावर जीव अवलंबून असलेला सतराव्या शतकातला माणूस त्याच्याकडे कमी लक्ष देत होता, असं म्हणावं लागेल. आपल्याकडच्या कुठल्याही शिलेदाराला विचारा! निरीक्षण कमी पडलं, यापेक्षा निरीक्षण बाजूला ठेवून संकेत पाळला, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. निबंधाच्या स्वतःच्या ८३.५ या आकड्याशी तेच जुळतं.

जाता जाता, संकेतावरून आठवलं. पुतळ्यातल्या घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमांनी गेला, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. शिवाजी महाराजांचं निधन १६८० मध्ये रायगडावर आजारपणात झालं, आणि दोन्ही पाय उंचावलेल्या घोड्यावरचे त्यांचे पुतळे गावोगावी आहेत. एका उदाहरणात नियम मोडतो, पुढे तपासायचीही गरज नाही.

कुणाला या विषयावर छोटा प्रकल्प करायचा असेल, एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात बसेल इतका, तर मी असा करीन. देवघरातल्या वस्तूंचे फोटो घेतोय, तेव्हा घरच्यांची परवानगी आधी. प्रत्येक टाकाचा समोरून एक, तिरपा एक फोटो, शेजारी पट्टी. दोन जणांनी एकमेकांशी न बोलता वर्ग ठरवायचा: उभा, चालता, दुडकता, उधळलेला, की 'पायाखाली काहीतरी आहे'. दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कापा या मापाने काढायचं, आणि ते चांगलं आलं तरच पायांच्या बरोबर-चुकीकडे वळायचं. एका ठशाचे टाक ओळखून त्यांची नोंद एकच धरायची. घडवणाऱ्या कारागिराला विचारायचं की हा घोडा काय करतोय, आणि त्याचं उत्तर तक्त्यात पहिल्या रकान्यात लिहायचं. तुलनेसाठी खरे घोडे हवेतच. त्यासाठी सारंगखेड्याला मोबाईलवर स्लो मोशन लावून बाजूने चित्रण करा, कॅमेरा घोड्याच्या गुडघ्याच्या उंचीला ठेवा, आणि मालकाला आधी विचारा, कारण विक्रीच्या घोड्याच्या पायांकडे कुणी निरखून बघू लागलं की त्यांना वेगळीच शंका येते.